रोज जवळ ठेवायचा फोल्डिंग चाकू: कोणता घ्यायचा, कोणता टाळायचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, किंवा ऐकलेलं एकदा डोळ्यांखालून घालायचं असतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे छाटलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

००:३० | प्रश्न काय आहे

"दादा, रोज जवळ ठेवायला एक चांगला फोल्डिंग चाकू सांग ना." या अर्थाचे मेसेज बरेच आले. गंमत म्हणजे बहुतेकांनी सोबत जो फोटो पाठवला, तो साधारण एकाच प्रकारच्या चाकूचा होता. काळं पातं, अर्धी धार दातेरी, बोटाच्या एका फटक्यात उघडणारा, खिशाला अडकवायला क्लिप. हे सगळं अमेरिकन व्हिडिओंमधून आलेलं आहे. तिकडे 'एव्हरीडे कॅरी', म्हणजे ईडीसी, हा मोठा छंद आहे. चाकू, टॉर्च, पेन, घड्याळ टेबलावर नीट मांडून फोटो काढायचे.

तसं बघितलं तर ही कल्पना आपल्याला नवीन नाही. जुन्या माणसांच्या कमरेला चंची असायची. तिच्यात पान, सुपारी, चुन्याची डबी आणि अडकित्ता. अडकित्ता म्हणजे बिजागरीवर उघडमीट होणारं, धारदार, रोज जवळ बाळगायचं अवजार. आणि त्याला कुणी हत्यार म्हणत नव्हतं. हा शब्द लक्षात ठेवा, अवजार. आजचा सगळा भाग त्याच्याभोवती फिरणार आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पातं सात सेंटिमीटरच्या आत. दोन हातांनी उघडणारा. लॉक नसलेला. स्टेनलेस. आणि समोरच्याला बघताक्षणी 'हे काहीतरी कापायचं अवजार आहे' असं वाटेल असा. आता असंच का, ते बघू. कारण फोन चुकीचा घेतला तर पैसे जातात. चाकू चुकीचा घेतला तर बोट कापून घ्याल, नाहीतर नाकाबंदीला उभे राहून घाम पुसाल.

०२:१० | आधी कापायचं काय ते ठरवा

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायच्या आधी विचारतात, 'रिक्वायरमेंट काय?' हाच प्रश्न चाकूला लावा. दोन आठवडे फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, कुठे कुठे चाकू लागला असता.

मी ठेवली तेव्हा यादी अशी झाली. कुरिअरच्या खोक्याची टेप. नव्या शर्टाचं लेबल. केबल टाय. इअरफोनचं ते कडक प्लास्टिकचं पाकीट, जे कात्रीलाही दाद देत नाही. पेरू. ऑफिसमध्ये कुणीतरी आणलेला हापूस. सुटलेला धागा. पोत्याची सुतळी. चहाबरोबर फोडायचं बिस्किटाचं पाकीट, जे खरं तर दातांनीही फाटतं.

आता ही यादी नीट बघा. टेप कापायला दोन सेंटिमीटर धार पुरते. आंबा, पेरू, काकडी यांना सहा-सात सेंटिमीटर भरपूर झाली. यादीत एकही काम असं नाही, की ज्याला दहा सेंटिमीटरचं पातं लागेल किंवा एका हातानं पाव सेकंदात उघडणारी यंत्रणा लागेल. खोकं कुठे पळून जात नसतं.

आणि प्रामाणिकपणे यादी केलीत तर काहींच्या लक्षात येईल, की आपल्याला चाकू नकोच आहे. फक्त पार्सल उघडायची असतील तर स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा तुकडे मोडायचा कटर उत्तम. तो १९५६ मध्ये जपानमध्ये, ओसाकात तयार झाला. पुढे त्याच कंपनीचं नाव ओल्फा झालं. चॉकलेटच्या वडीसारखं पात्याचं टोक मोडायचं आणि नवी धार घ्यायची, ही कल्पना इतकी साधी आहे की आपण तिच्याकडे बघतही नाही. तो घरी ड्रॉवरमध्ये ठेवा, विषय संपला. बाकीच्यांनी पुढे ऐका.

०४:३० | कायदा: '९ इंच चालतं' हे अर्धंच खरं

मी इंजिनीअर आहे, वकील नाही. पण कायद्यातलं जे सरळ वाचता येतं तेवढं सांगतो, कारण याबद्दल फिरणारी माहिती अर्धवट आहे.

पहिला थर केंद्राचा, शस्त्र अधिनियम १९५९. याच्या नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, तलवारी, खंजीर वगैरे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणून स्वयंपाकघरातली मोठी सुरी किंवा शेतातला कोयता घरात असणं हा गुन्हा होत नाही. सगळे इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. 'माझा चाकू तर साडेतीन इंचांचाच आहे!'

थांबू नका. दुसरा थर आपल्या राज्याचा आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. त्यातल्या कलम ३७(१) नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी शांतता राखण्यासाठी आदेश काढून काही वस्तू बाळगायला बंदी घालू शकतात. त्या यादीत चाकूचं नाव स्पष्ट आहे. सोबत काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कुठलीही वस्तू. इथे नऊ इंच नाही, तीन इंच नाही, कुठलंच माप नाही. सण, निवडणूक, मोर्चा, तणाव असं काही असलं की असे आदेश निघतात. आणि एक संपला की दुसरा निघू शकतो. आदेश मोडला तर कलम १३५ खाली शिक्षा आहे. पेपरमधल्या गुन्ह्याच्या बातमीत शेवटी जे ठरलेलं वाक्य असतं ना, 'हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१), १३५ प्रमाणे', ते हेच.

तिसरा थर ट्रेक करणाऱ्यांसाठी आहे, आणि हा बहुतेकांना माहीतच नसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकू आहे. कलम ३१ म्हणतं, की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचं नाही. आता आठवा, हरिश्चंद्रगड कुठे आहे? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. भीमाशंकर? तेही अभयारण्य. म्हणजे ट्रेकला 'सर्व्हायव्हल नाइफ' कमरेला लावून फोटो काढण्याची हौस तिथे महागात पडू शकते. काकडी-कांदा पायथ्याच्या गावात, जिथे भाकरी सांगता तिथेच चिरून डब्यात भरून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

चौथा थर कायद्याचा कमी आणि दाराचा जास्त. विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इन बॅगेत टाकायचा. मेट्रो, मॉल, स्टेडियम, कोर्ट, परीक्षा केंद्र, मोठी देवस्थानं, आयटी पार्कचं गेट, सगळीकडे बॅग तपासतात आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांशी '९ इंच' या विषयावर वाद घालून उपयोग नसतो. त्यांचं काम ते करत असतात.

०८:०० | दिसणं का महत्त्वाचं

तुम्ही म्हणाल, मग काय, काहीच बाळगू नये? तसं नाही. पण या चार थरांकडे एकत्र बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. माप जितकं महत्त्वाचं, तितकंच महत्त्वाचं आहे वस्तू कशासाठी बनवली आहे आणि ती कुठे, का, कुणाच्या खिशात आहे.

आपल्याकडे चाकूच्या यंत्रणेलाही इतिहास आहे. रामपुरी आठवा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी घराघरात पोचवला. खटका दाबला, पातं बाहेर. त्यामुळे खटक्याचा चाकू म्हटलं की आपल्याकडे माणसाच्या डोक्यात फळं येत नाहीत, भांडण येतं. कायद्याच्याही डोक्यात तेच आहे. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनं बटण, कमान अशा यंत्रणेनं उघडणारे, ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र कायद्याच्या कक्षेत आणले. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोब्बर ३ इंच.

त्यात पुण्यात गेली काही वर्षं कोयता गँगच्या बातम्या, नाकाबंदी, रात्रीची तपासणी हे सगळं सुरू आहे. २०१८ मध्ये औरंगाबादमध्ये पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू जप्त केले होते. म्हणजे 'ऑनलाइन मिळतं म्हणजे चालतं' हा तर्कही टिकत नाही. रात्री अकराला बाइक थांबवली आणि खिशातून काळ्या पात्याचा, एका फटक्यात उघडणारा चाकू निघाला, तर 'पार्सल उघडायला ठेवलाय' हे वाक्य कसं ऐकू येईल, याचा तुम्हीच विचार करा. त्याच जागी लाल मुठीचा, कात्री आणि टूथपिक असलेला छोटा चाकू निघाला, तर निदान तुमच्या वाक्याला आधार असतो. आदेश लागू असेल तर तोही नकोच. पण एरवी हा फरक खूप मोठा आहे.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनाही हेच उपयोगी पडतं. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला, मिटणारा चाकू कारण न सांगता बाळगता येतो. लॉक असला की त्याच मापाच्या चाकूला सबळ कारण द्यावं लागतं. म्हणजे मी सुरुवातीला सांगितलेला साधा चाकू तिथेही बसतो.

१०:१५ | 'सेल्फ डिफेन्ससाठी कोणता?'

हा प्रश्नही आला. मुलींनी विचारला, मुलांनीही विचारला. विचारण्यात काही चूक नाही, रात्रीच्या शिफ्टवरून परतताना भीती वाटते ती खरी असते. पण माझं उत्तर स्पष्ट आहे. या कामासाठी चाकू घेऊ नका.

एक, व्यवहाराचं कारण. घाबरलेल्या अवस्थेत हात थरथरतो, बारीक हालचाली जमत नाहीत. बॅगेतून चाकू काढायचा, नखानं उघडायचा, आणि समोरचा माणूस तोवर थांबणार? शिवाय छोटा, लॉक नसलेला चाकू भोसकायच्या हालचालीत तुमच्याच बोटांवर मिटतो. आणि हातातली वस्तू हिसकावली गेली की ती तुमच्याविरुद्ध वापरली जाते.

दोन, कायद्याचं कारण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत करण्याला कलम ११५(२) खाली १ वर्षापर्यंत कैद आहे. तीच दुखापत भोसकायच्या किंवा कापायच्या साधनानं केली, तर कलम ११८(१) लागतं आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत जाते. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहेच, पण तो तुम्हाला नंतर सिद्ध करावा लागतो. पार्किंगवरून झालेल्या बाचाबाचीत खिशातून चाकू बाहेर आला, की मग चूक कुणाची होती हे विचारायला फार कमी लोक उरतात.

अंगावर बेतलं तर आरडाओरडा, पळणं, उजेडाकडे आणि माणसांकडे जाणं, आणि ११२. हा नंबर स्पीड डायलला टाका. फोन चाकूपेक्षा लवकर हातात येतो.

१२:०० | आता यंत्रणा: लॉक म्हणजे काय?

फोल्डिंग चाकूत दोन गोष्टी समजून घ्यायच्या. उघडतो कसा, आणि उघडा राहतो कसा.

उघडण्याचे प्रकार: पात्यावर नखाची खाच असते, तिच्यात नख घालून दुसऱ्या हातानं ओढायचं. हा सगळ्यात जुना प्रकार. दुसरा, पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी किंवा भोक. तिसरा, मागच्या बाजूला एक शिंग, ते बोटानं दाबलं की पातं फिरून बाहेर येतं. चौथा, खटका, म्हणजे बटण दाबलं की आतली कमान पातं उडवते. पहिला प्रकार आपला. चौथा कुणीही घेऊ नये.

उघडं राहण्याचे प्रकार:

स्लिपजॉइंट. याला लॉक नसतो. मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान असते, ती पात्याच्या मुळावर सतत दाब देते. पातं उघडं राहतं ते त्या दाबामुळे. जोर लावला की मिटतं. स्विस आर्मी चाकूची बहुतेक लोकप्रिय मॉडेल्स या प्रकारची.

लायनर लॉक. मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या मुळामागे उभी राहते. मजबूत, पण मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. खिशातला कचरा, धागे साठले तर पट्टी पूर्ण बसत नाही.

बॅक लॉक. मुठीच्या पाठीवरचा भाग दाबला की सुटतो. बोटं वाटेबाहेर राहतात.

फिरत्या कड्याचा लॉक. हा फ्रान्सच्या ओपिनेलचा, १९५५ पासूनचा. मानेवरचं पोलादी कडं फिरवलं की पातं अडकतं. इतकं साधं की बिघडायला काही नाही.

मग लॉक असलेला जास्त सुरक्षित नाही का? अवघड, जोराचं काम असेल तर हो. पण आपल्या यादीतलं काम तसं नाही. आणि स्लिपजॉइंट वापरायची रीत एकदा समजली की तो पुरतो. कापताना जोर धारेवर येतो, आणि तो पात्याला उघडण्याच्या दिशेनं ढकलतो. म्हणजे सरळ कापत असाल तर चाकू स्वतःच उघडा राहतो. मिटतो केव्हा? टोक खुपसलं, अडकलं, मग हिसका दिला तर. किंवा पात्याच्या पाठीवर ठोकलं तर. म्हणून नियम दोनच: खुपसायचं नाही, ठोकायचं नाही. डबा उघडायला, स्क्रू फिरवायला, फट रुंद करायला पातं वापरायचं नाही. लॉक नसलेला चाकू तुम्हाला ही शिस्त आपोआप लावतो. लॉकवाल्यांना उगाच हिंमत येते.

१४:३० | पोलाद आणि आपला पावसाळा

ऑनलाइन विकणारे पोलादाची नावं मंत्रासारखी म्हणतात. तुम्हाला एवढंच कळलं तरी पुरे: कडकपणा आणि चिवटपणा यांची ओढाताण असते. कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण धार गेली की घरी लावताना दमवतं आणि आपटलं तर टवका उडू शकतो. मऊ पोलाद लवकर बोथट होतं, पण चार घासांत पुन्हा तयार. कडकपणा रॉकवेल सी मापात सांगतात. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं साधारण ५६. म्हणजे फार कडक नाही, आणि ते मुद्दाम तसं आहे.

दुसरा मुद्दा गंजाचा. पोलादात क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. साधं कार्बन पोलाद सुरेख धार घेतं, पण कैरी, लिंबू, टोमॅटो कापून तसंच ठेवलं की काळं पडतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर ते सांभाळणं म्हणजे घरात एक पाळीव प्राणी ठेवण्यासारखं आहे. स्वस्तातल्या बऱ्याच फोल्डिंग चाकूंवर 'डी-२' लिहिलेलं असतं. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण त्यातलं बरंच कार्बनशी बांधलेलं असतं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेससारखं वागत नाही. खारी हवा असलेल्या गावात स्टेनलेसच घ्या.

आणि पात्यावर फक्त 'स्टेनलेस स्टील' एवढंच लिहिलंय, बनवणाऱ्याचं नाव नाही, तर समजा की सांगण्यासारखं काही नव्हतं.

१६:०० | नावं सांग, नावं!

बरं, सांगतो.

व्हिक्टोरिनॉक्स, ५८ मिलिमीटरचा क्लासिक. मिटल्यावर करंगळीएवढा. छोटं पातं, कात्री, नखाची कानस, चिमटा, टूथपिक. शहरात राहणाऱ्या, ऑफिसला जाणाऱ्या दहातल्या सात जणांना मी हाच सांगेन. कात्री पात्यापेक्षा जास्त वापराल.

व्हिक्टोरिनॉक्स, ९१ मिलिमीटरचे स्पार्टन किंवा क्लायंबर. ९१ हे मिटलेल्या चाकूचं माप. मोठं पातं सात सेंटिमीटरच्या आसपास. फळं कापायला, हॉस्टेलवर राहायला झकास. स्पार्टनमध्ये कात्री नाही, क्लायंबरमध्ये आहे. ही रचना जुनी आणि मुरलेली आहे. कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू द्यायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये आजच्या रचनेचा मूळ चाकू नोंदवला.

ओपिनेल ६ नंबर, स्टेनलेस पातं. १८९० पासूनचा, फ्रान्सच्या सावोय भागातला शेतकऱ्यांचा चाकू. पातं पातळ, फळं आणि चीज कापताना लोण्यासारखं चालतं. मात्र मूठ लाकडी. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं उघडायला कुस्ती करावी लागते. घरी, डब्याबरोबर ठेवायला छान, भिजणाऱ्या बॅगेत नको. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, ते आपल्या मापाबाहेर.

पक्कडवालं मल्टिटूल. वायर, बाइक, कॅमेरा, साउंड अशी कामं करणाऱ्यांसाठी. टिम लेदरमन यांनी १९८३ मध्ये हा प्रकार बाजारात आणला. इथे चाकू दुय्यम, पक्कड मुख्य. पण वजन खिशाला जाणवतं, बॅगेतच ठेवा.

नक्कल खूप आहे, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि दुकानात हातात घेऊन तीन गोष्टी बघा. एक, पातं उघडून डावीकडे-उजवीकडे हलवा, खुळखुळ नको. दोन, मिटताना पातं मुठीच्या मधोमध बसतंय ना, कडेला घासत नाही ना. तीन, उघडताना आणि मिटताना कमानीचा 'टक्क' असा ठाम आवाज येतो का. ढिला आवाज म्हणजे ढिली कमान.

१८:१५ | धार आणि निगा

बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त धोकादायक, कारण मग आपण जोर लावतो आणि चाकू घसरतो. धार लावायला साधा निसणा पुरतो. कोन साधारण २० अंशांचा. तो कसा मोजायचा? पातं दगडावर उभं धरा, ते झालं ९०. निम्मं झुकवा, ४५. पुन्हा निम्मं, साधारण २२. झालं की!

निसणा नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाचं जे खरबरीत, चकाकी नसलेलं कडं असतं, त्यावर दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं पाच-सहा वेळा ओढा. रोजची धार त्यावर परत येते. दारावर चाक घेऊन धारवाला येतो, त्याच्याकडे विळी आणि सुऱ्या जरूर द्या. पण बोटभर, पातळ पात्याला ते जोराचं चाक मानवत नाही. पातं झिजतं आणि तापून धारेचा कडकपणा जातो.

फळ कापल्यावर धुवा, पुसा, उघडं ठेवून वाळवा, मग मिटवा. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते डिसेंबरच्या थंडीत घट्ट होतं आणि चाकूही अडतो.

ठेवायचा बॅगेत, छोट्या पाउचमध्ये, चार्जर आणि पेनाच्या शेजारी. क्लिप लावून जीन्सवर मिरवायचा नाही. चारचौघांत उघडमीट करत बसायचं नाही. कुणाला द्यायचा तर मिटवून द्या. आपल्याकडे सुरी, कात्री थेट हातात देऊ नये, भांडण होतं म्हणतात. भांडणाचं माहीत नाही, पण खाली ठेवून दिली की कुणाचा हात कापत नाही, म्हणून मला ही रीत पटते. आणि गणपतीची गर्दी, सभा, मतदान, विमानतळ यापैकी काही असेल, तर घरून निघतानाच तो ड्रॉवरमध्ये ठेवा. कुणी तपासलंच तर हात खिशाकडे न्यायच्या आधी तोंडानं सांगा, 'बॅगेत छोटा चाकू आहे', आणि त्यांना काढू द्या.

१९:४५ | थोडक्यात

विकत घ्यायच्या आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. मी नक्की काय कापणार? मी रोज कुठल्या कुठल्या दारांतून जातो? हा चाकू माझ्या आईनं टेबलावर पडलेला बघितला, तर ती त्यानं पेरू कापेल की मला बोलावून विचारेल 'हे काय आणलंस?' आणि याची धार मी घरी लावू शकतो का? चारही उत्तरं नीट आली, तर घ्या. तिसरं अडलं, तर फोटो कितीही भारी असला तरी ते टॅब बंद करा.

पुढचा भाग खिशातल्या टॉर्चवर. ल्युमेनचे आकडे कितपत खरे मानायचे ते बघू. तुमची दोन आठवड्यांची यादी झाली की मला पाठवा, त्यातली वेगळी कामं पुढच्या वेळी वाचून दाखवीन. भेटू!